कौलारू घराचं छप्पर बदलायचंय? दर विचारायच्या आधी हा हिशोब घरात बसून काढा

शिमगा जवळ आला की आपल्याकडं घराघरात एकच विषय सुरू होतो, यंदा तरी वरचं बदलूया का. आणि लगेच कुणाला तरी फोन लावतात, "मिस्त्री, स्क्वेअर फुटाला कितीला करताय?" तो एक आकडा सांगतो, आपण घराच्या मापानं गुणतो आणि तेवढे पैसे जमवायला लागतो. काम निम्म्यावर आलं की कळतं पैसे पुरत नाहीत, आणि तोवर कौलं सगळी अंगणात उतरवलेली असतात, घरातनं आभाळ दिसायला लागलेलं असतं, वळीव कधी कोसळेल याचा भरवसा नसतो, मग जो जे मागेल ते द्यावं लागतं. दरवर्षी कितीतरी घरात हे असंच होतंय, आणि खरं तर टाळता येण्यासारखं आहे. क्रम तेवढा बदलायचा. आधी वर चढून काय काय कुजलंय ते बघायचं, मग माप घ्यायचं, मग सामान किती लागतंय ते नगात, फुटात, किलोत काढायचं, आणि दर सगळ्यात शेवटी विचारायचा.

आणखी एक. कणकुंबी-जांबोटीकडं पडणारा पाऊस आणि अथणीकडं पडणारा पाऊस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, बेळगाव जिल्हा एकच असला म्हणून काय झालं. त्यामुळं अथणीच्या पाव्हण्यानं एवढ्यात केलं म्हणून खानापुरातल्या माणसानं तेवढेच धरू नयेत. पश्चिमेकडं उतार जास्त लागतो, वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेली छपराची कड, लांब काढावी लागते, पागोळीचं पाणी धरायची पन्हाळी मोठी लागते, लाकूड लवकर कुजतं. चिकोडी-अथणीकडं पावसापेक्षा एप्रिल-मेच्या उन्हाचा विचार जास्त करावा लागतो.

आधी लाकूड बघा

छपराच्या खर्चात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट कौलं नाहीत, कौलांखालचं लाकूड आहे. कौलं अंगणातनं मोजता येतात, पण वासा आतनं पोकळ झालाय का ते खालनं दिसत नाही. म्हणून कुणालाही अंदाज विचारायच्या आधी सुताराला एका दिवसाची हजेरी देऊन घेऊन या आणि तीन-चार ठिकाणची कौलं उचलून बघा. कुठली ठिकाणं तेही सांगतो. वासा भिंतीवर टेकतो ते वळचणीकडचं टोक, कारण पागोळीचं पाणी उडून तिथंच मुरतंय. दोन पाखी, म्हणजे छपराचे दोन उतार, जिथं कोपऱ्यात मिळतात ती पन्हळ. चुलीच्या धुराड्याच्या आजूबाजूचा भाग. आणि आढ्याखाली, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच कडेखाली, जिथं कोने (आढ्यावरची कौलं) निसटून जुनी गळती आहे तिथं.

बघायचं कसं, तर साधा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि वाशात दाबा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं. जिथं अर्धा-एक इंच सहज आत गेलं तो वासा गेला म्हणून समजा. हातोडीनं वाजवलं की पोकळ आवाज येतो तो वेगळाच कळतो. भिंतीवरनं मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर वाळवी आहे, आणि मग नुसते वासे बदलून भागत नाही, भिंतीला औषध मारायचा खर्च वेगळा धरावा लागतो. प्रत्येक वाशावर खडूनं खूण करत जा, चांगला असला तर बरोबर, टोक कापून चालणार असलं तर आडवी रेघ, पूर्ण बदलायचा तर फुली. शेवटी फुल्या मोजा, तुमचा निम्मा अंदाज तिथंच झाला.

भिंतीचा माथाही बघून घ्या. मातीत बांधलेली जुनी चिऱ्याची किंवा कच्च्या विटांची भिंत असली की वरचे दोन थर हलायला लागलेले असतात, आणि नवीन वासे तशाच माथ्यावर टेकवले तर सगळं केलेलं वाया. अशा ठिकाणी भिंतीवर काँक्रीटचा पट्टा घालतात. 24 बाय 36 च्या घराला बाहेरच्या भिंती 120 फूट होतात, पट्टा सव्वा फूट रुंद आणि अर्धा फूट उंच धरला तर 75 घनफूट काँक्रीट, म्हणजे पाऊण ब्रास (100 घनफुटाचा एक ब्रास). वर सळी, फळ्या आणि गवंड्याची मजुरी. ही ओळ बहुतेकांच्या अंदाजात नसतेच, भिंत उघडल्यावरच निघते.

माप जमिनीचं नाही, पाख्याचं

आता टेप घ्या. घराचं माप आणि छपराचं माप एक नसतं, आणि किती फरक पडतो ते आकड्यात बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून एक घर धरूया. रुंदी 24 फूट, लांबी 36 फूट, आढं लांबीला, दोन्हीकडं पाखं. जमिनीवर माप 864 स्क्वेअर फूट. आता आढ्यापासून भिंतीपर्यंत आडवं 12 फूट, त्यात वळचण बाहेर 2 फूट, झाले 14. उतार दोनास एक आहे, म्हणजे दोन फूट आडवं गेलं की एक फूट खाली, तर 14 फुटाला 7 फूट. 14 चा वर्ग 196, 7 चा वर्ग 49, बेरीज 245, मोबाईलवर वर्गमूळ काढा, 15.65 येतं. ही पाख्याची खरी लांबी. लांबीला दोन्ही टोकांना दीड-दीड फूट बाहेर धरलं तर 39 फूट. एक पाखं 15.65 गुणिले 39, म्हणजे 610, दोन्ही मिळून 1,221 स्क्वेअर फूट.

864 चं घर आणि 1,221 चं छप्पर, 41 टक्के जास्त. दर अगदी बरोबर असला तरी माप चुकलं की सगळं चुकतंय ते असं. वर्गमूळ वगैरे नको असेल तर माळ्यावर चढून वाशालाच टेप लावा, आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत, तेच माप येतंय. घर सरळ नसेल, पुढं सोपा (ओसरी) आणि मागं परसाकडचा पडवीचा भाग असेल तर प्रत्येक पाखं वेगळं मोजून लिहा, एकत्र अंदाजानं धरू नका.

भाऊबंदांचं छप्पर एकच असेल तर

हा विषय मी जरा सविस्तरच लिहितोय, कारण येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, नंदगड, कुठल्याही जुन्या गावात गल्लीत बघा, एका आढ्याखाली दोन-तीन भावांची घरं आहेत. वाटणी झाली, मधे भिंत घातली, पण वरचं छप्पर तसंच सलग राहिलं. आता एकाला पत्रा घालायचाय, दुसऱ्याकडं पैसे नाहीत म्हणून कौलं राहणार. पत्र्याची पातळी आणि कौलांची पातळी एक येत नाही, आणि तो जो जोड आहे ना, तिथनं गळणारच जर नीट केला नाही तर, आणि पाणी येतं ते बरोबर मधल्या भिंतीत, म्हणजे दोघांच्याही घरात. मग भांडणं.

यावर दोनच बरे मार्ग आहेत. एक, दोघांनी मिळून एकदमच करायचं, त्यात वाहतूक, हमाली, कोने, आढ्याचं लाकूड हे सगळं वाटून जातं आणि प्रत्येकाला स्वस्तच पडतं. दोन, मधली भिंत छपराच्या वर फूटभर उचलून घ्यायची आणि दोन्ही बाजूंनी भिंतीत खाच मारून पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे जोडावरनं पाणी आत जाऊ न देणारी वाकवलेली पट्टी, बसवायचं. आपल्या उदाहरणात ती भिंत दोन्ही पाख्यांवर मिळून 31-32 फूट होते. त्याचा खर्च कुणी किती द्यायचा ते कामाच्या आधी बसून ठरवा आणि वहीत लिहून दोघांची सही घ्या. आढं कुणाच्या बाजूला आहे, मधला वासा कुणाचा, हे पण त्यातच लिहा. काकांना वाईट वाटेल म्हणून तोंडी ठेवू नका, लिहिलेलं असलं की उलट मन राखलं जातंय.

कौलंच ठेवणार असाल तर

मंगलोरी कौल 1865 पासून बनतंय, बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून, आणि आपल्या खानापूर भागातली माती पण विटा-कौलांना चांगली. हिशोब सोपा आहे, एका स्क्वेअर फुटाला साधारण 1.4 कौलं. 1,221 गुणिले 1.4 म्हणजे 1,709, त्यात फुटतूट 7 टक्के धरा, झाली 1,830. आढं 39 फूट आहे, एक कोना दडप (एकावर एक चढणारा भाग) सोडून 13 इंच झाकतो असं धरलं तर 36, चार जास्त घ्या, 40.

जुनी कौलं किती वापरता येतील हा प्रश्न सगळेच विचारतात. चांगली भाजलेली जुनी कौलं टाकू नका, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असतो, त्यामुळं जुन्या कौलाची खाच नव्या कौलात नीट बसत नाही, फट राहते आणि वाऱ्यासकट पाऊस आला की तिथनं तुषार आत येतात. म्हणून सरमिसळ करू नका, जुनी निवडून सगळी एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्या पाख्यावर. एका पाख्याला 915 कौलं लागतात. उतरवलेल्यातनं चांगली तेवढी निघाली तर कौलांचा खर्च सरळ निम्मा. निवडताना कौल हातात उभं धरून बोटाच्या पेरानं वाजवा, खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर आत चीर आहे. नवीन घेतानाही पाच-सहा कौलं कोरडी वजन करा, रात्रभर पाण्यात बुडवा आणि परत वजन करा. अडीच किलोचं कौल तीन किलोच्या वर गेलं तर ते कच्चं भाजलंय, कणकुंबीच्या पावसात त्याला शेवाळ धरणार आणि वजनानं वासे वाकणार.

रीप, म्हणजे वाशांवर आडवी ठोकायची लाकडी पट्टी, काढताना कौलाची दडप सोडून साडेबारा इंच अंतर धरा. 15.65 फुटात 16 ओळी, दोन्ही पाख्यांच्या 32, गुणिले 39 म्हणजे 1,248 रनिंग फूट. छपराचे जेवढे स्क्वेअर फूट साधारण तेवढेच रनिंग फूट रीप, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे. वासे दोन-दोन फुटांवर धरले तर एका पाख्याला 21, एकूण 42. लाकूड घनफुटात विकतात, त्याचं गणित असं की जाडी इंचात गुणिले रुंदी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले 144. चार बाय अडीचचा 16 फुटी वासा 1.11 घनफूट. सगळे 42 बदलायचे म्हटलं तर 46.7 घनफूट, आणि दोन बाय एकच्या रिपा 17.3. सुतारानं नुसतं "शंभर फूट लाकूड लागेल" म्हटलं तर हे गणित मांडून त्याच्यासमोर ठेवा, कशाला किती ते तोही सांगेल.

पत्रा घालणार असाल तर

जंगलाच्या कडेच्या गावात माकडं कौलांवर नाचतात, दरवर्षी शाकारणीला माणूस मिळत नाही, त्यामुळं लोक पत्र्याकडं वळलेत आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त घेताना नीट घ्या. कलर पत्रा बाहेरनं साडेतीन फूट दिसतो पण दडप जाऊन झाकतो 1 मीटर, म्हणजे 3.28 फूट. 39 भागिले 3.28 म्हणजे एका पाख्याला 12 पत्रे, दोन्हीला 24. लांबी 16 फूट अखंड मागवा, मधे जोड नको. 24 गुणिले 16, म्हणजे 384 रनिंग फूट. दुकानात स्क्वेअर फुटाचा दर सांगितला तर तो झाकणाऱ्या मापावर आहे की पूर्ण पत्र्यावर ते विचारा, तिथंच जवळजवळ 7 टक्के इकडंतिकडं होतात. जाडी पण अशीच, 0.50 सांगतात ती रंग आणि कोटिंग धरून असते, आतलं पोलाद त्यापेक्षा कमी असतं. बिलावर दोन्ही जाड्या लिहून मागा.

खालच्या लोखंडी सांगाड्यात तर वजनाचा खेळ आहे. 80 बाय 40 चा 2 एमएम पाईप मीटरला 3.64 किलो भरतो, 6 मीटरचा म्हणजे 20 फुटी नग जवळजवळ 22 किलो. एक नग काट्यावर ठेवा. 18 च्या आतबाहेर भरला तर तो 1.6 एमएमचा आहे, कुणी काही म्हणू दे. नगावर दर घेणाऱ्यांचं नुकसान इथंच होतंय, म्हणून पाईप कायम किलोवर घ्यायचा. कुठल्या अंतराला कुठला पाईप लागेल ते मात्र अंदाजानं ठरवू नका, एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला दाखवा, त्याची फी सगळ्या खर्चापुढं काहीच नाही.

वजनाचं अजून एक बघा, म्हणजे निर्णय सोपा होतो. आपल्या घरावर कौलं 4,300 किलोच्या आसपास, तीच पावसात भिजून 5 टनांवर. कलर पत्रा साडेपाचशे किलो. आणि 5 इंचाचा स्लॅब टाकला तर नुसत्या 864 फुटावरच 25 टन. मातीत बांधलेल्या भिंतींवर स्लॅब का टाकू नये ते ह्या आकड्यावरनं कळेल. उलट पत्रा हलका म्हणून वाऱ्यानं उचलला जाण्याची भीती जास्त, तिथं स्क्रूत कंजूषी नको. आपल्या 24 पत्र्यांना पाचशे-सहाशे स्क्रू रबरी वॉशरसकट धरा, वळचणीची आणि आढ्याची ओळ जास्त घट्ट.

जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो उतरवायची मजुरी वेगळी धरा. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट. फोडून खाली टाकायचा नाही, पाणी मारून ओला करायचा, बोल्ट कापून अखंड उतरवायचा, तोंडाला चांगला मास्क पाहिजे आणि पोरंबाळं त्या दिवशी दुसरीकडं पाठवा. असल्या पत्र्याचे तुकडे गोठ्यात किंवा शेताच्या बांधावर टाकू नका.

आता पैसे

खालचे दर नुसते हिशोब दाखवायला धरलेत, त्या जागी तुमच्या गावचा दर घाला. कौलांचं घर, वाशातले 14 बदलायचे, रिपा सगळ्या नव्या.

कौलं 1,830 गुणिले 30 = 54,900
कोने 40 गुणिले 60 = 2,400
लाकूड 33 घनफूट गुणिले 1,200 = 39,600
मजुरी 1,221 गुणिले 45 = 54,945
टेंपो आणि हमाली = 12,000
लाकडाला औषध, तेलपाणी = 9,000
पन्हाळी 78 फूट गुणिले 180 = 14,040

एकूण 1,86,885. त्यावर 15 टक्के हातचे ठेवायचे, साधारण 28,000, म्हणजे 2 लाख 15 हजारांची तयारी. आता बघा, 14 च्या जागी 29 वासे कुजके निघाले तर लाकडाचेच 20,000 वाढले, सुताराची मजुरी वेगळी. म्हणून सुरुवातीला त्या खडूच्या खुणांवर एवढा जोर दिला. वजाबाकी पण करा, जुनं सागवान किंवा चांगलं लाकूड निघालं तर त्याला गिऱ्हाईक असतं, जुना लोखंडी पत्रा भंगारात जातो. ते ठेकेदारानं न्यायचं की तुम्ही ठेवायचं हे आधीच बोलून घ्या, नाहीतर पहिल्याच टेंपोतनं जातं.

पत्रा आणि पाईपवर 18 टक्के जीएसटी आहे, सांगितलेला दर त्यासकट आहे का ते विचारा. कोल्हापूर-गडहिंग्लजकडनं माल आणणार असाल तर 50,000 च्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं, ते दुकानदाराकडनंच करून घ्या आणि गाडीभाडं धरून मगच बेळगावच्या दराशी तुलना करा. कर्ज काढायचं असलं तर ग्रामपंचायत हद्दीतल्या घराला बँक ई-स्वत्तूचे (पंचायतीतल्या मिळकतींची सरकारी ऑनलाईन नोंद) फॉर्म 9 आणि 11 मागते, नावावर वाटणीची नोंद नसेल तर तिथंच महिना-दोन महिने जातात, त्यामुळं कागद दिवाळीनंतर लगेच काढायला लागा.

कोटेशन घेताना

तुमची ही यादी तीन जणांना द्या आणि प्रत्येक ओळीसमोर दर लिहून मागा. उक्तं, म्हणजे सगळं काम एकाच ठोक रकमेत, देत असाल तरी यादी पाहिजेच, कारण उक्त्यात काय धरलंय आणि काय नाही ह्यावरच सगळी भांडणं होतात. जुनं उतरवणं, कचरा उचलणं, भिंतीचा माथा नीट करणं, पन्हाळी, वर चढून काम करायचा पाड बांधायचं सामान, रात्री पाऊस आला तर झाकायची ताडपत्री कुणाची, हे सगळं एकेका ओळीत लिहा. सगळ्यात कमी आकडा ज्याचा आहे त्याच्या कागदावर कुठली ओळ नाही ते आधी शोधा.

वेळ पण पैशाएवढीच महत्त्वाची. भाताची मळणी संपली की माणसं मोकळी होतात, जानेवारी-फेब्रुवारीत सुतार तुमच्या सोयीनं येतो, एप्रिल-मेत तुम्हाला त्याच्या सोयीनं चालावं लागतं आणि मजुरीही चढते. सामान जानेवारीत ठरवा, काम मार्चमध्ये संपवा.

पैसे देताना सगळं सामान दारात उतरल्यावर सामानाचे, जुनं उतरवून नवे वासे चढल्यावर मजुरीचे निम्मे, काम संपल्यावर बाकीचे, आणि मजुरीतले 10 टक्के जूनमधला पहिला जोराचा पाऊस होईपर्यंत राखून ठेवायचे. हे सुरुवातीलाच सांगितलं तर चांगला मिस्त्री नाही म्हणत नाही. त्या पावसात बॅटरी घेऊन माळ्यावर चढा, आढं, पन्हळीचा कोपरा, धुराड्याची कड आणि भाऊबंदांच्या बाजूचा जोड एवढं बघा, ओल दिसली तिथं खडूनं खूण करा आणि मिस्त्रीला उघडीप मिळाल्याबरोबर बोलवून घ्या.